बारा आण्यांची आया आणि माझ्या घरातली सात धोतरं

"मेस्त्री, एक पोर दिवसभर सांभाळायला किती खर्च येतो?" मुदलाळींनी विचारलं.

मुदलाळी म्हणजे आमच्या राइस मिलचे मालक. त्यांच्या हातात फॅक्टरी इन्स्पेक्टर देऊन गेलेला कागद होता. मुंग्या लागलेला गूळ धरावा तसा दोन बोटांनी त्यांनी तो धरला होता.

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? मला मूलबाळ नाही."

"म्हणूनच तुम्हाला विचारतो. तुम्ही कुणाची बाजू घेणार नाही."

मी इथेच फुगलो. जन्मभर असाच फुगत आलो, म्हणून आधी सांगून टाकतो.

मिल कुंभकोणमहून साक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. तेव्हा आणे चालायचे, नवे पैसे यायचे होते. मी मेस्त्री, म्हणजे बॉयलरपासून हलरपर्यंत सगळ्यांवर ओरडणारा माणूस. शाळा पाचवीपर्यंत. घरी मराठी, बाहेर तमिळ, आणि भागाकार दोन्हींत येत नाही.

कागदात होतं ते असं. पन्नासाहून जास्त बायका कामाला असतील तर त्यांच्या लहान पोरांसाठी मिलमध्ये एक खोली पाहिजे, सांभाळायला बाई पाहिजे, दूध पाहिजे. त्याला क्रेश म्हणतात. आमच्याकडे बायका अठ्ठावन्न.

मुदलाळी म्हणाले, "दोन वाटा आहेत. क्रेश काढायचं, नाहीतर प्रत्येक आईला रोज थोडे पैसे जास्त द्यायचे आणि सांगायचं, पोर गल्लीतल्या म्हातारीकडे ठेव. इन्स्पेक्टरशी मी बोलेन. कुठलं स्वस्त ते काढून आणा."

"आणि दोन्ही महाग निघाल्या तर?"

"तर आठ बायका कमी. पन्नास राहिल्या की कागद गप्प. ज्यांच्या कडेवर तान्हं आहे त्या आठ आधी."

ते हे रागाने बोलले नाहीत. पोतं उचला म्हणावं तसं बोलले. त्या आठ जणींत पाक्कियम होती. तिचा नवरा पायाने अधू, घरात मिळवणारी ती एकटीच. खळ्यावर तिच्याइतकी चपळ बाई दुसरी नव्हती.

खळं म्हणजे काय ते सांगतो. आमचा तांदूळ उकडा. साळ, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, आधी भिजवायची, वाफवायची आणि मग सिमेंटच्या खळ्यावर उन्हात पसरायची. बायका पायांनी ओळी ओढत ती परतत राहतात. वेळेवर परतली तर सारखी वाळते. अर्धा तास विसरलात तर वरची साळ कडक होते, आणि हलरमध्ये, म्हणजे टरफल काढणाऱ्या यंत्रात, गेली की दाणा मोडतो. मोडलेल्या दाण्याला कणी म्हणतात. तांदळाच्या अर्ध्या भावातही ती कोणी हसून घेत नाही.

तर मी तक्ता केला. एका बाजूला गल्लीतल्या म्हाताऱ्या. दर ठरलेला होता, पोरामागे रोज दोन आणे, पेज आईने द्यायची. लहान पोरं एकोणीस. झाले दोन रुपये सहा आणे. दुसऱ्या बाजूला क्रेश. दोन आया, प्रत्येकी बारा आणे. दूध बारा आणे. साबण, एरंडेल, किरकोळ चार आणे. झाले अडीच रुपये. जागेचं भाडं नको, खळ्याला लागून रिकाम्या पोत्यांची शेड होती.

दोन आण्यांनी म्हाताऱ्या जिंकल्या. मी खूश. एवढं काम मी अर्ध्या दिवसात केलं होतं, पेन्सिल फक्त एकदा चावली होती.

तरी खातरजमा करावी म्हणून खळ्यावर गेलो आणि पाक्कियमला विचारलं, "तुझं पोर कुठल्या म्हातारीकडे असतं गं? दोनच आणे घेते ना?"

ती परतता परतता थांबली. बाजूच्या बायकांकडे पाहिलं. एकीने पदर तोंडाला लावला.

"मेस्त्री अय्या, थट्टा करता का?"

"कामाच्या वेळी मी थट्टा करत नाही."

"मग ऐका. म्हातारी तुमच्याच घरी राहते. फक्त तिला म्हातारी म्हणू नका, रागावेल."

सगळं खळं हसलं. मी म्हटलं, "साळ परता, साळ!" आणि निघालो.

इतक्या वर्षांत मी भर दुपारी घरी कधी गेलो नव्हतो. पहाटे निघायचो, पितळी डब्यात दहीभात असायचा, दिवे लागताना परत. घर मिलपासून चालत दहा मिनिटं. दार उघडंच होतं.

आत आढ्याला सात झोळ्या टांगलेल्या. सातही माझी धोतरं. गेली तीन वर्षं मी धोब्यावर धोतरचोरीचा आळ घेत होतो. दोन धोबी बदलले होते.

आमची ही, अंबू, मधोमध बसून पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीने दोन झोळ्या एकदम हलवत होती आणि हाताने शेंगा निवडत होती.

"चपला बाहेर," ती म्हणाली. "आणि ओरडायचं असेल तर रात्री. आत्ताच निजलीत."

"हे कधीपासून?"

"तुम्ही आढ्याला कड्या ठोकून दिल्यात ना, तेव्हापासून."

"त्या तू पापड वाळवायला मागितल्या होत्यास!"

"पापड कोणी आढ्याला टांगतं का? तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

आमचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. मूल व्हावं म्हणून ती तिरुक्करुगावूरच्या देवीचं तूप तीनदा घेऊन आली. तीनदा बरणी रिकामी झाली आणि काही झालं नाही. चौथ्यांदा मी चल म्हटलं तर म्हणाली, नको, पुरे. त्यानंतर केव्हातरी तिने या झोळ्या बांधल्या असणार. मला वाटलं होतं, ती विसरली.

"किती घेतेस?" मी विचारलं.

"कसले?"

"पैसे गं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दाराशी जाऊन चपला घातल्या.

आता शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. मी तक्त्यात नवी ओळ घातली: मेस्त्रीचं घर, पोरं सात, खर्च शून्य. खोटा हिशेब मी देत नाही, याचा मला मोठा गर्व.

मुदलाळींनी तक्ता पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "शून्य?"

"शून्य."

"मग भांडण कसलं? एकोणीसही पोरं तुमच्याकडे पाठवा. मेस्त्री, तुम्ही रत्न आहात."

रत्न मान खाली घालून घरी आलं. अंबूला सांगितलं. ती भांडी घासत होती. हातातली राख तशीच ठेवून म्हणाली, "शून्य कोणी लिहिलं?"

"मी."

"पेन्सिल आणा. रोज दीड पाव तांदळाची पेज. लिहा. एरंडेल. लिहा. जुनी लुगडी चार, धोतरं सात. माझी कंबर. लिहिता की नाही?"

"कंबर कशी लिहू?"

"मग शून्य कसं लिहिलंत?" मग हळू म्हणाली, "सात मला झेपतात. एकोणीस नाही झेपणार. आणि त्या पाक्कियमच्या पोरीला दिवसातून दोनदा पाजायला लागतं. धावत येते बिचारी, धावत जाते. तरी अर्धा अर्धा तास मोडतो. तेवढ्यात तिचं काम कोण करतं?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

कोणीच करत नव्हतं. तान्ही पोरं असलेल्या बायका मी पूर्वेच्या खळ्यावर लावल्या होत्या, फाटकाजवळचं म्हणून. आणि वर्षभर पूर्वेच्या खळ्याच्या साळीतच कणी जास्त निघत होती. मी हलरची जाळी दोनदा बदलली होती. तंजावूरहून फिटर आणून त्याला चारचौघांत गाढव म्हटलं होतं. गाढव कोण होतं ते मला त्या रात्री बायकोने भांडी घासताना सांगितलं, तेही नाव न घेता.

सकाळी मुदलाळींना सांगितलं, "तक्ता चुकलाय. म्हाताऱ्या दोन आण्यांनी स्वस्त नाहीत. पूर्वेच्या खळ्याला रोज अर्धं पोतं कणी जास्त पडते, ती यात धरली नव्हती. पोरं शेडमध्ये आली तर बायका जागच्या जागी पाजतील."

"आणि कणी कमी नाही झाली तर?"

"तर मलाही कमी करा."

हे मी का बोललो, माहीत नाही. घरी तर विचारलं नव्हतं.

"आठ दिवस," मुदलाळी म्हणाले. "फरक पडला तर शेड. नाही तर त्या आठ जणी घरी. तुमचं मग बघू."

पोती काढली, चुना मारला, वाशांना कड्या ठोकल्या. ठोकताना कुणालाही पापडाबद्दल बोललो नाही. पोरं शेडमध्ये आणली आणि आठ दिवसांपुरत्या गल्लीतल्याच म्हाताऱ्या सांभाळायला बसवल्या. आठ दिवस मी पूर्वेच्या साळीचं पोतं न् पोतं स्वतः हलरमध्ये सोडलं आणि खाली चाळणी धरून बसलो. पहिले दोन दिवस फरक नाही. पाक्कियम येता-जाता चाळणीत डोकावायची. तिसऱ्या दिवशी कणी उतरली. आठव्या दिवशी पूर्वेचा आणि पश्चिमेचा तांदूळ शेजारी शेजारी ठेवला तर मुदलाळींना ओळखता येईना. त्यांनी मूठभर दाणे खाली टाकले आणि म्हणाले, "दोन आया शोधा."

अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न राहिल्या. पाक्कियमने मला नमस्कार केला नाही. माझ्या घरी जाऊन अंबूला केला.

त्या संध्याकाळी अंबू म्हणाली, "दोन आया लागणार ना? मी येते की."

मी म्हटलं, "मेस्त्रीची बायको बारा आण्यांवर आया? लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीवर सात धोतरं धुऊन, घडी घालून ठेवलेली होती. मी मोजली आणि म्हटलं, बरं झालं, सापडली.

आठवड्याभरात तिने नवं काढलं. सकाळी डबा द्यायची नाही. म्हणाली, ताजं रांधून दुपारी स्वतः आणून देईन. मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचो, आमच्या घरचं जेवण चालत येतं. एकच तक्रार होती. घर दहा मिनिटांवर, आणि जेवण रोज थंड. रोज मी बोलायचो, "अगं, चालतेस की रांगतेस?" ती हसायची आणि वाढायची. हे मी रिटायर होईपर्यंत चाललं.

मागच्या वर्षी ती गेली. दहाव्याला पाक्कियम आली, तिची ती पोरगी बरोबर, कडेवर तिचं पोर. रडता रडता पाक्कियम म्हणाली, "अम्मा रोज आधी शेडमध्ये यायच्या. डबा कोपऱ्यात ठेवायच्या आणि तासभर पोरं घेऊन बसायच्या. मग उठायच्या, अय्यांना भूक लागली असेल म्हणत."

वीसेक वर्षं मी चाळणी धरून कणी मोजली, आणि डबा थंड का येतो हे मला कळलं नाही.

खर्चाचा तक्ता करणाऱ्याला मी एवढंच सांगेन. शून्य लिहिण्याआधी त्या घरी भर दुपारी एकदा जाऊन या. आणि एकदा जाऊन आलात म्हणजे सगळं कळलं, असं समजू नका.

आता मी स्वतःच रांधतो. चुलीपासून ताटापर्यंत दोन पावलं. जेवण गरम असतं.