चोवीस मिरच्या आणि एक संत्रं

रंगभूमीवर चाळीस वर्षं काढली. भरल्या सभागृहासमोर चूक कबूल करणारी माणसं मी खूप पाहिली, पण ती सगळी लेखकाने लिहून दिलेली वाक्यं म्हणत होती. स्वतःच्या पदरचं वाक्य बोललेली एकच बाई मला आठवते, आणि तिचं सभागृह म्हणजे आमच्या वृद्धाश्रमाचं जेवणघर.

स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. तिला सगळे तिखटबाई म्हणत, अगदी तोंडावर. तिचे वडील मिरच्यांच्या गोदामात हमाल होते, आई तिथेच मिरच्यांची देठं खुडायची. "आम्हा भावंडांना रडायला कारण लागायचं नाही, राजे," ती सांगायची. मी उमेदीत राजांच्या भूमिका करायचो, हे कळल्या दिवसापासून मी तिचा राजे झालो होतो. सिंहासन म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातलं डुगडुगतं स्टूल. तिथे बसून मी मटार सोलायचो आणि ती माझे जुने किस्से पुन्हा पुन्हा ऐकून घ्यायची. असा प्रेक्षक मला ऐन भरातही मिळाला नव्हता.

तिची शाळा चौथीत सुटली होती. पन्नाशीत तिला आहारशास्त्राच्या तीन दिवसांच्या वर्गाला पाठवलं, तेव्हा परत आली ती चेहऱ्यावर निकाल लागल्यासारखं तेज घेऊन. जेवणघराच्या भिंतीवर तिने एक फळा लावला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं:

क जीवनसत्त्व
शंभर ग्रॅम संत्रं – त्रेपन्न मिलिग्रॅम
शंभर ग्रॅम हिरवी मिरची – दोनशे बेचाळीस मिलिग्रॅम

"लोक मिरचीला काय काय नावं ठेवतात," ती म्हणाली. "पोट बिघडवते म्हणे, डोळ्यांतून पाणी काढते म्हणे. आता वाचा म्हणावं!" घरातल्या कुणाचा तरी पहिला नंबर यावा तशी ती त्या फळ्याकडे बघायची. तीन वर्षं दर सोमवारी ओल्या फडक्याने पुसून तिने तेच आकडे नव्याने गिरवले.

मग एके दिवशी निवृत्त पोस्टमास्तर व्हरांड्यात संत्र्याच्या सालीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण आमच्या व्यवस्थापकांच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस वाईट नव्हता, फक्त कागदावर त्याचा विश्वास फार. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी आकडे दोनदा वाचले.

"तिखटबाई, हे खरं आहे ना?"

"वर्गात शिकवलंय, साहेब!" ती फुशारकीने म्हणाली.

"मग झालं तर. सोमवारपासून संत्री बंद. भाजीत मिरची थोडी वाढवा. सालीही नकोत आणि घसरणंही नको."

जेवणघरात शिंपीणआजी माझ्या शेजारी बसत. जन्म शिवणकामात गेला, शेवटी दृष्टी गेली. रोज अकरा वाजता संत्रं मिळालं की त्या अंगठ्याच्या नखाने त्याची साल काढायच्या, एकच अखंड फीत. मग ती फीत टेबलावर सरळ करून बोटांनी मापायच्या आणि जाहीर करायच्या, "आज हातभर!" साहेबांचं बोलणं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. मग अकराला मी काय करू?"

कुणाला उद्देशून नव्हतं ते. पण तिखटबाईच्या हातातला वाढायचा डाव तिथल्या तिथे थांबला.

दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो, तर ती वजनकाट्यासमोर बसली होती. पुढ्यात मिरच्यांची टोपली.

"राजे, एक मिरची किती भरते, सांगा बघू."

"मला काय विचारतेस? मी आयुष्यभर खोट्या मेजवान्या खाल्ल्या."

"चार ग्रॅम. चारच! म्हणजे तिच्यात दहा मिलिग्रॅमसुद्धा जेमतेम. आणि एक अख्खं संत्रं सोलून एकशे तीस ग्रॅम भरलं. त्यात सत्तरच्या आसपास." तिने कपाळावर हात मारला. "तीन वर्षं मी टोपलीभर मिरच्या एका संत्र्याशी झुंजवत होते हो! माणूस जेवताना खातो किती? एक. फार तर दोन. शिवाय भाजीत शिजून त्यातलंही थोडं जाणार."

"मग सांग साहेबांना."

"सांगेन. पण फळा माझाच आहे ना. सगळ्यांसमोर पुसावा लागेल." ती बराच वेळ एका मिरचीचं देठ फिरवत बसली. "माझ्या आईचे हात आयुष्यभर आग आग करायचे, राजे. त्या मिरचीला एकदा कुणी चांगलं म्हटलं होतं."

मी मटार सोलायला घेतले.

दर शनिवारी साहेब आमच्या पंगतीला जेवत. त्या शनिवारी तिने त्यांच्यासमोर ताट न ठेवता तराजू ठेवला. एका पारड्यात सोललेल्या संत्र्याच्या शंभर ग्रॅम फोडी. दुसऱ्यात ती एकेक मिरची टाकत गेली आणि पोस्टमास्तर मोठ्याने मोजत गेले. चोविसाव्या मिरचीला काटा मधोमध आला.

"घ्या साहेब. फळ्यावर लिहिलंय तेवढं वजन. करा सुरुवात."

"एवढ्या?"

"वाढू का अजून?"

"अहो, चेष्टा करता का माझी!"

"साहेब, निदान देठं तरी सोडा," पोस्टमास्तर म्हणाले, आणि अख्खं जेवणघर हसलं. साहेबांनी हट्टाने एक मिरची अर्धी चावली. कान लाल झाले, डोळे वाहू लागले. तिने लगबगीने संत्र्याची फोड पुढे केली, ती त्यांनी निमूटपणे खाल्ली.

"पण फळा तर तुम्हीच लिहिलात ना?" ते नाक पुसत म्हणाले.

तिखटबाई फळ्यापाशी गेली. "हो. चूक माझी होती. आकडे खरे आहेत, पण मी वजन बघितलं, ताट बघितलं नाही." आणि तिने फळा पुसला. "साली गोळा करायला दर टेबलावर वाडगा ठेवते. एक साल जरी खाली दिसली, तर मला विचारा. पण आजींचं संत्रं थांबवू नका."

साहेबांनी शिंपीणआजींकडे बघितलं. आजींचे दोन्ही हात टेबलावर मोकळे पडले होते. "वाडगे मोठे आणा," ते म्हणाले.

सोमवारी फळ्यावर नवे आकडे आले. एक संत्रं – सत्तर. एक मिरची – दहा. खाली मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: 'वजनाला वजन लावलं, तर मिरचीच पहिली.'

"हे कशाला?" मी विचारलं.

"खरं आहे म्हणून," ती फणकाऱ्याने म्हणाली. तेवढ्यात मागून शिंपीणआजींचा आवाज आला, "आज हातभर आणि वर चार बोटं!" तशी ती वाडगा घेऊन धावली.