ठिपक्याच्या शेजारी

लॅबमध्ये कोणी नवीन आलं की मी आधी दम देते, ज्या ठिपक्याचा फोटो हवाय त्याच्यावर फोकस करायचा नाही! क्वांटम डॉट म्हणजे नुसत्या डोळ्याला कधीच न दिसणारा स्फटिकाचा कण. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये त्याच्यावर इलेक्ट्रॉनचा झोत पडला की तो उजेड टाकतो, आणि त्या उजेडाचं चित्र आम्ही स्क्रीनवर उमटवतो. पण झोत जास्त वेळ पडला तर बिचारा विझतो, तो कायमचाच. म्हणून फोकस शेजारी जुळवायचा आणि मग हळूच त्याच्यावर यायचं.

हे सांगताना हटकून आबा आठवतात. माझे वडील. आता नाहीत. वडगाव रासाईत आधी मेंढरं राखली, मग ऊस लावला. म्हातारपणी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. दौंडचे डॉक्टर म्हणाले, हेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही, कडेनं बघायची सवय करा. पण बोलताना माणसावरून तोंड फिरवायचं म्हणजे त्याचा अपमान, हे आबांच्या हाडात मुरलेलं. ऐकतायत कशाला! उलट माझ्याच मागं लागले, "गावभर सांगतोय, पोरगी उजेडाचं फोटू काढती. म्या कवा बघितलाच न्हाई. दिसतंय तवर दाव."

शिरूरहून एसटीनं पुण्याला आणलं. लॅबच्या दारात चपला काढून त्यांनी माझ्या साहेबांना राम राम घातला. मी दिवे घालवले. स्क्रीनवर एकेक ओळ उतरत गेली आणि काळ्यात हिरवा ठिपका उमटला. आबा नाक टेकेल इतके वाकले.

"कुठंय गं? समदं काळंच हाय."

उशीर केला की काय मी? त्या डोळ्यांचा असा संताप आला! आणि तोंडातून रोजचंच वाक्य गेलं, "आबा, त्याच्यावर नका बघू. शेजारी बघा."

ठिपक्याचा कसला अपमान! त्यांनी मान वळवली.

"आयला! हाय की! हिरवागार हाय!"

लहान पोरासारखे हसले. मी रडतच दिवे लावले. बघते तर आबा आता भिंतीकडं बघत बसलेले.

"काय बघताय तिकडं?"

"तुला," आबा म्हणाले. "केसं पिकली की गं तुझी."