वर्गातलं एकच 'नाय'

आणि वर मलाच म्हणते, "दादा, तू भित्रा हायस." मंडळी, आता तुम्हीच सांगा. मी वर्षभर तिला सांगतोय, शिकवणाऱ्याची चूक दाखवू नकोस, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात असतात.

माझी धाकटी बहीण नर्सिंगला हाय. आमच्या पोलादपूरकडच्या वाडीतली पहिलीच. मागच्या आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना विचारलं, माझं शिकवणं कसं वाटतं ते कागदावर लिहा, नाव घालू नका. बाकी पोरींनी 'छान' लिहिलं. हिने लिहिलं, "बीपी बघताना पुढच्या दोघींनाच ऐकायला मिळतं. मागे काय कळत नाय."

आज मॅडमनी बरोब्बर हिलाच बोलावलं. बाकी सगळ्या 'नाही' लिहितात, वर्गात 'नाय' लिहिणारी ही एकटीच.

दुपारी तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं, संपलं, पोरगी नापास.

तर मॅडमनी हिच्याच कानाला स्टेथोस्कोप लावला. म्हणाल्या, "आता तू बघ." मग म्हणाल्या, "पट्टा सैल बांधतेस, म्हणून आकडा जास्त येतो. घरी रोज सराव कर. आणि असंच लिहीत जा."

मी सातवीत शाळा सोडली. सहा वर्षं वापीला हॉटेलात भाजी करतोय. शेठने माझी चूक शिवी घालूनच सांगितली, स्वतःची कधी विचारली नाय. आज डबल ड्युटी झाली, तिच्याशी भांडायलाही जोर नाय. तुम्हाला कुणी वरच्याने कधी विचारलंय का, माझं काय चुकतंय म्हणून?

तिला सरावाला बीपीचं मशीन हवंय. जिंकलीस गो. पाठवतोय, अठराशे रुपये.