बिराजदार जमादारांची फेरी

रविवार, पोळ्याचा दुसरा दिवस. मुरुडला बिराजदार जमादारांचं घर. हजर: त्यांच्या पत्नी शांताकाकू, मुलगा महेश, आमच्या रेणापूर पोलीस ठाण्याचे जुने ड्रायव्हर गायकवाड आणि मी. जमादार गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो.

नव्या शिपायाला पहिल्या दिवशी ते कायदा शिकवत नसत. मोटारसायकल लावायला लावत. "तोंड रस्त्याकडं. निघायच्या टायमाला वळवत बसशील का?" रेणापूरला मी नवी कोरी रुजू झाले, तेव्हा गाडी मनासारखी लागेपर्यंत त्यांनी मला चहा घेऊ दिला नाही.

बाकीचे धडे वाटेत मिळत. "पोरी, तोंडाकडं नको, हाताकडं बघ. तोंड लबाड असतंय." "जबाब वाचून दाखव, मग सही घे." "डबा खाऊन निघ. उपाशी पोलिसाचा हात लवकर उठतोय." आता नांदेडला नव्या पोरापोरींना मी हेच सांगते.

एका दुपारी फोन आला. जवळच्या वस्तीवर तुकाराम नावाचा माणूस दारू पिऊन बायकोच्या मागे कोयता घेऊन लागला होता. आम्ही पोचलो तेव्हा बायको, काशीबाई, आतल्या खोलीत कडी लावून बसलेली आणि हा दारात. मी काठी सरसावली. जमादारांनी मला मागे सारलं, स्वतः दारासमोरून सरकून भिंतीला लागून उभे राहिले आणि म्हणाले, "तुकाराम, लई ऊन हाय. घोटभर पाणी दे की बाबा."

तो गोंधळला. दारात आलेल्यानं पाणी मागावं आणि ते देऊ नये, हे आमच्याकडे दारुड्यालाही जमत नाही. तांब्या भरायला त्यानं कोयता खाली ठेवला. गायकवाडांनी तो पायानं लांब सरकवला. जमादारांनी तांब्या रिकामा केला आणि मगच त्याला गाडीत घातलं.

काशीबाई तक्रार देईना. "मला हितंच नांदायचं हाय, साहेब."

"नांद की. आमी डायरीत नोंद करणार, अन् आठ दिसानं पुन्हा येणार."

परतताना मला म्हणाले, "भांडण मिटलं की समदे घरी जातेत. खरा मार त्याच्यानंतर बसतोय."

आणि आठ दिवसांनी ते खरंच वस्तीवर गेले. पुढेही जात राहिले, निवृत्तीनंतरसुद्धा, एसटीनं. हे मला रविवारी काकूंकडून कळलं.

"आजारी पडले अन् फेरी थांबली," काकू म्हणाल्या. "परवा महेश जाऊन आला. तुकाराम पुन्हा प्यायला लागलाय. काशीचा हात गळ्यात बांधलेला. घसरून पडले, म्हणती."

"घसरून!" गायकवाड म्हणाले. "आन् तो काय तिला उचलाया गेलता?"



"काका काही सांगून गेले का?" मी विचारलं.

"सांगून काय जातेत? शेवटपर्यंत एकच, काशीकडं कोण गेलं का?"

मी तिथूनच रेणापूर ठाण्याला फोन लावला. तिथली महिला हवालदार संध्याकाळीच जाऊन आली. तुकाराम बायकोच्या शेजारीच बसून होता. काशीबाईनं तिलाही घसरल्याचंच सांगितलं.

गुरुवारची माझी रजा मंजूर झाली आहे; मी आणि गायकवाड वस्तीवर जाणार आहोत. गायकवाड तुकारामला गप्पांत गुंतवून बाहेर बसवणार आहेत. काशीबाईचा खरा जबाब अजून कुणी घेतलेला नाही.