कासमचाचा आणि भरलेली टाकी

जुनी सतरा सीटर गाडी घेऊन मी तिचं चालतं घर करायला काढलं आणि पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीवरची वजनाची पट्टी मोठ्या हौसेने निळ्या रंगाखाली गाडली. विसरवाडीला हायवेवर गाड्यांना चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसवणाऱ्या कासमचाचांनी ती नखाने खरवडून काढली. "मास्तर, पोरेसले वजाबाकी शिकाडतस, अन् गाडीनाच आकडा पुसी टाका?"

पट्टीवर भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन होतं. पाटे तपासून, पलंग, ओटा, कपाटासकट गाडी वजनकाट्यावर नेऊन चाचांनी वजाबाकी केली: सहाशे किलो शिल्लक. मग त्यांच्या रिवाजाप्रमाणे आम्हा सात जणांना ओळीत उभं करून, नुसत्या नजरेने तोलून, खडूने दारावर आकडे मांडले. बायकोपुढे पंचावन्न लिहिलं नि मला हळूच म्हणाले, "भाभीले मी दहा किलो सूट दिधी. गाडी सूट देस नही. टाकी रिकामीच न्या, पाणीले बी वजन ऱ्हास."

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला निघालो. वाटेत कोरीटला सासुरवाडी. तिथल्या विहिरीचं गोड पाणी बघून मी तीनशे लिटरची टाकी काठोकाठ भरली. सातपुड्याच्या चढावर पाटा तुटला. माझा मेहुणा, बायकोचा दादा, आम्हा सात जणांतच होता. त्याच्या तीन टेम्पोंचं काम चाचांकडेच असे. त्याच्यादेखत मी बोलून गेलो, "चाचांचं काम कच्चं निघालं."

फोनवर निरोप मिळताच चाचा एवढ्या लांब आले. टाकीवर बोटांनी टकटक केलं. भरल्या टाकीचा आवाज मलासुद्धा कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाला म्हणाले, "पाटा जुना व्हता. मन्हीच नजर चुकनी."

एरवी पाऊण तास अखंड शिकवणारा मी, गप्प बसलो.

दादाने टेम्पो दुसरीकडे नेले. त्याचं ऐकून बाकीचेही गेले. यंदा गॅरेज बंद करून चाचा सुरतेला लेकीकडे निघाले. सगळं कबूल करायचं ठरवून स्टँडवर गेलो आणि बस सुटेपर्यंत त्यांना ब्रेक ऑइलबद्दल विचारत राहिलो. तेही खिडकीतून मन लावून सांगत होते.

घरी येऊन बायकोला सारं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टाकीम्हा नळी मीच धरेल व्हती. तुम्हीच खरं बोलशात म्हणीसन इतला दिन गप ऱ्हायनू. आते दादाकडे तुम्ही जातस का मी जाऊ?"