तेरवीला येणारे डॉक्टर

डॉ. दिवाकर पाठराबे यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. विजय नगरात माझे औषधांचे दुकान होते आणि समोरच्या गाळ्यात त्यांनी नुकताच दवाखाना थाटला होता. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या तेव्हा आमच्याकडे नव्या होत्या. मेहुणा घेतो म्हणून एका धडधाकट व्यापाऱ्याने ती गोळी मागितली आणि मी पाकीट काढले. डॉक्टर रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतले. ही ताकदीची गोळी नव्हे, असे त्यांनी आम्हा दोघांनाही सुनावले. व्यापाऱ्याला तपासले आणि याला गोळीची नव्हे, चालण्याची गरज आहे, असे सांगून घरी पाठवले. माझे गिऱ्हाईक गेले. बरेच दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

पुढे पंचवीसेक वर्षे आम्ही समोरासमोर काढली. त्यांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी त्यांच्या जुन्या रुग्णांकडे लेख मागायला गेलो, तेव्हा बहुतेकांनी हात जोडले. आम्हाला कधी काही झालेच नाही, मग लिहायचे काय, असे त्यांचे म्हणणे. छाती उघडून जीव वाचवणाऱ्या सर्जनला लोक जन्मभर विसरत नाहीत. जो झटका आलाच नाही, त्याचे श्रेय कोण कोणाला देणार? डॉक्टरांना याची खंत नाही. त्यांना खंत आहे ती गोळी सोडून गेलेल्यांची, आणि ते सगळे त्यांना नावानिशी आठवतात. त्यांत माझे थोरले बंधू आहेत.

दादा संरक्षण कारखान्यात फिटर होते. आमचे वडील पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेले होते. दादांचे रक्त तपासल्यावर कोलेस्टेरॉल फार वाढलेले निघाले आणि डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केली. काही महिन्यांत रिपोर्ट नॉर्मल आला. दादांनी पेढे वाटले आणि गोळी थांबवली. बरे झालो, आता काहून खायची, असा त्यांचा हिशेब; त्यात लिव्हर खराब होते असे पाळीवरच्या कुणीतरी सांगितलेले. औषधे त्यांना कारखान्याच्या दवाखान्यातून मिळत, म्हणून समोर दुकान मांडून बसलेल्या मला पत्ताच लागला नाही. रिपोर्ट नॉर्मल होता तो गोळीमुळेच, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. एका सकाळी पाळीला निघताना ते सायकलजवळच कोसळले. पुढे कपाटात गोळ्यांची न उघडलेली पाकिटे सापडली. फुकट मिळते ते सोडायचे नाही, म्हणून दादा दर महिन्याला आणत होते!

तिलवाऱ्याच्या घाटावर दहावे झाले. तेरवीच्या पंगतीला डॉक्टर आले आणि दादांच्या मुलाच्या, संदीपच्या, शेजारी बसले. मुंडण केलेला तो चोविशीचा तरुण मान खाली घालून जेवत होता. पान उचलल्यावर डॉक्टरांनी त्याला आणि मला, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायला या, असे सांगितले. वहिनींना ते सहन झाले नाही.

"डॉक्टरसाहेब, सुतक आता कुठं फिटलं, अन् तुम्ही माझ्या पोराला आजारी ठरवून राहिले?"

डॉक्टर हात धुता धुता थांबले. "वहिनी, गोळी घेतली असती तर दादा वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. धोका बराच कमी झाला असता, एवढं खरं. हे तुमच्या घरात रक्तातूनच आलंय. याच्या तेरवीला यायची माझ्यात हिंमत नाही."

असे ते किती घरी गेले असतील. लोक मागून त्यांना तेरवीचे डॉक्टर म्हणत, अपशकुनी म्हणत. त्यांनी जाणे सोडले नाही.

आम्हा दोघांचेही रक्त दादांसारखेच निघाले. दोघांचीही गोळी सुरू झाली आणि काही दिवसांत माझ्या पोटऱ्या दुखू लागल्या. मनाचे खेळ म्हणून डॉक्टरांनी मला उडवून लावले नाही. त्यांनी स्वतःच गोळी थांबवली, रक्त तपासले, दुखणे गेल्यावर दुसरी स्टॅटिन कमी मात्रेत दिली आणि मग हळूहळू वाढवली. काहींना स्नायू दुखतात, क्वचित कुणाची साखर थोडी वाढते, लिव्हरवर लक्ष ठेवावे लागते, हे त्यांनी कधी झाकले नाही. लघवी चहासारखी झाली तर त्याच दिवशी या, पण मनाने सोडू नका, असे ते प्रत्येकाला बजावत. मी ती आजही घेतो. दादांना जेवढे आयुष्य मिळाले, त्याहून मी कितीतरी अधिक जगलो, आणि त्याची मला कधी कधी लाज वाटते.

आता दवाखान्याचे शटर खाली असते. डॉक्टरांना कानाशी बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. तरी ते माझ्याकडे येतात आणि पुण्याला असलेल्या संदीपला फोन लावायला सांगतात. गोळी घेतोस का, एवढे विचारून उत्तरासाठी फोन माझ्या हाती देतात. संदीप आता वडिलांच्या वयाला टेकला आहे. गेल्या खेपेला तो मला म्हणाला, "काका, मोबाइलवर पाहिलं, ती गोळी जहर आहे म्हणतात. मला काही त्रास नाही. त्यांना सांगा, घेतो म्हणून."

मी डॉक्टरांच्या कानाशी जाऊन सांगितले, बंद आहे.

या सत्काराला त्यांनी दोनदा नकार दिला होता. त्या दिवशी म्हणाले, "चलो, करा तुमचा सत्कार. पण त्याला बोलवा. फोनवर होत नाही, समोर बसवून बोलतो."

संदीप येतो म्हणाला आहे. येईल की नाही, मला ठाऊक नाही.

डॉक्टरसाहेब, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे सगळेच लिहितील. माझे मागणे थोडे स्वार्थी आहे. आपण इतके जगा की माझ्याही तेरवीला आपणच यावे. पंगतीत संदीपच्या शेजारी बसावे. तेव्हा तो तिथे असला पाहिजे, एवढेच.