मी ‘धुतलं’ म्हणालो

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात वार्डबॉय म्हणून लागलो आणि केस पांढरे झाले तरी कागदावर बॉयच राहिलो. डॉक्टर, नर्सा, पेशंट सगळे मामा म्हणायचे. डॉक्टरकीबद्दल लिहायचा मला काही अधिकार नाही. पण त्यातलं एक काम माझ्या हाताचं होतं. ते मी शेकडो वेळा केलं आणि एकदा केलं नाही. तेवढंच लिहितो.

कापसाची ती वाईट वर्षं. बोंडातली अळी औषधाने मरायची नाही, म्हणून लोक दोन-तीन औषधं एकात एक मिसळून फवारायचे. एका साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली. फवारा वर मारावा लागायचा आणि तो मारणाऱ्याच्याच अंगावर पडायचा. जीपमधून माणसं यायची. तोंडाला फेस, अंग घामाने चिंब, डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी.

डॉक्टर साहेब तरुण, पुण्याकडचे. आल्या आल्या त्यांनी मला समजावलं, “मामा, हे विष कातडीतून आत जातं. भिजलेला कपडा अंगावर राहिला तर मी इंजेक्शनं देत बसणार आणि विष आत जातच राहणार. आधी सगळे कपडे काढायचे. केसांपासून नखांपर्यंत साबणाने धुवायचं. मग सलाईन. लोक लाजतील, नाही म्हणतील.”

“म्हणू द्या ना साहेब. मी कोणाचं आयकतो?”

आणि ऐकलं नाहीच. एक सरपंच पायजम्याची नाडी धरून ओरडला, “नाडीले हात नको लावू बे!” मी म्हटलं, “सरपंच, इथं तुमचा ठराव पास होत नाही,” आणि ओढली. वाचला. पुढे बाजारात दिसला की हसून तोंड फिरवायचा. बायकांना पडद्याआड मावशी धुवायची. ती आमची आया.

माझी बायको फवारणीच्या मजुरीला जायची. ड्रममध्ये औषध कालवायचं, पाणी भरून द्यायचं, हे बायकांचं काम. मी नको म्हणायचो. ती म्हणायची, “तुम्ही दिवसभर लोकायले धुता. मी का घरी भिंती पाहत बसू?”

त्या दिवशी एक गडी आला नाही, म्हणून हिनेच पंप पाठीला अडकवला. पंप गळका. खांद्यापासून कंबरेपर्यंत औषध उतरलं. दुपारी एकच्या सुमारास बायांनी तिला जीपमधून आणलं. शुद्धीत होती. मला बघून पदर सारखा केला.

मावशी रजेवर दारव्ह्याला गेलेली. नर्सबाई बाळंतपणात अडकलेली. म्हणजे धुवायचं मलाच होतं. पडदा ओढला, पदराला हात घातला, तर हिने माझं मनगट धरलं.

“नाही.”

“आवं, सोड. नियम हाय तो.”

“तुमच्या संगच्या लोकायसमोर मले उघडी करता का?”

“पडदा हाय ना वं.”

“पडद्याखालून साऱ्यायचे पाय दिसून राह्यले. उद्या या रस्त्यानं मी कशी जाऊ? मेली तरी चालते मले.”

पस्तीस वर्षांच्या संसारात तिने दिवसाउजेडी माझ्यासमोरसुद्धा लुगडं बदललं नव्हतं. मी तोंड धुतलं, मान धुतली, हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत. लुगडं-चोळी तशीच ठेवली. वरून गळ्यापर्यंत चादर ओढली.

साहेब धावत आले. “मामा, धुतलं?”

“धुतलं साहेब.”

“सगळं?”

“सगळं.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंजेक्शन भरायला लागले.

संध्याकाळी साहेब खूश होते. “मामींची बाहुली मोठी झाली,” म्हणाले. तिने मला विचारलं, “चहा घेतला का तुम्ही?” मला वाटलं, जमलं. चोळी तर अंगावरच वाळली, आता काय होते?

त्या इंजेक्शनाने माणूस भ्रमात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हवेत बोटं चालवायला लागली. बोंडातून कापूस वेचायचा आणि कंबरेच्या ओटीत टाकायचा, तसंच. मी म्हटलं, “ओटी भरली वं, बस कर आता.” थांबली नाही.

दुपारी बाहुल्या पुन्हा मोहरीएवढ्या झाल्या. साहेबांनी डोस वाढवला. यवतमाळला मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. मला दोनदा विचारलं, “काही खाल्लं होतं का? औषध कोणतं होतं?” मी बाजूलाच उभा होतो. शब्द तोंडापर्यंत आला होता. पण सांगितलं असतं तर कालचं खोटं निघालं असतं. त्या लाजेत मी अर्धा तास घालवला. तिच्या आयुष्यातला अर्धा तास.

पाठीवरून छाती तपासायला साहेबांनी तिला कुशीवर वळवलं. चादर सरकली आणि औषधाचा वास आला. चोळी घामाने परत भिजून पाठीला चिकटलेली, कातडी लाल झालेली.

“मामा,” एवढंच म्हणाले.

मग कात्रीने चोळी कापली. नर्सबाईने तिला डोक्यापासून धुतलं. पाणी मीच आणून देत होतो. अँब्युलन्स निघाली. श्वास देणारं मशीन यवतमाळला होतं. ती तिथपर्यंत पोहोचली नाही.

तेरवी झाल्यावर कामावर गेलो. साहेबांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो.

“पांघरूण मी उचलून बघायला हवं होतं,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाची बायको असती तर उचललं असतं. तुमची होती, म्हणून नाही उचललं.”

“शिव्या द्या साहेब.”

“देऊन काय होणार?”

दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्याकडे रक्त तपासायचं यंत्र होतं, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी निघायची. पण कपडे काढले का, हे सांगणारं यंत्र नव्हतं. ते मलाच विचारावं लागायचं, आणि मी सांगितलेलं खरं धरावं लागायचं.

फवारणी अजून चालूच होती. पुढच्याच आठवड्यात एक बाई आली. मावशी पडद्यात गेली, तर नवरा आडवा आला. “लुगडं राहू द्या मामा. बाकी सारं धुवा.”

मी म्हटलं, “माह्या बुढीचं मी राहू देलं होतं. चाल, दाखवतो तिले कुठं जाळली ते.”

तो बाजूला झाला.

ती बाई वाचली. सुट्टी झाली त्या दिवशी हनुवटीपर्यंत पदर ओढून माझ्यासमोरून निघून गेली, बघितलं नाही. नवरा मागे थांबून हळूच म्हणाला, “लय राग हाय तिले तुमचा.”

माझीही असाच राग धरून बसली असती. महिनाभर बोलली नसती. भाकरीचं ताट समोर आपटलं असतं. मी मुकाट्याने जेवलो असतो.